गिरणगावातली खानावळ आणि अन्नपूर्णा महिला मंडळ

महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे जेवण घालणारी घरगुती खानावळ मुंबईत कापडगिरण्यांच्या आधाराने वाढली. तिला पाटी नव्हती, परवाना नव्हता, टेबल-खुर्च्या तर नव्हत्याच. चाळीतली एक खोली, तीत चुलीपुढे बसलेली एक बाई आणि तिच्याकडे जेवणारे पंधरा-वीस पुरुष, एवढ्यावर ही संस्था उभी राहत असे. जेवणाऱ्याला कुणी गिऱ्हाईक म्हणत नसे. तो खानावळीचा ‘मेंबर’. १९७५ मध्ये अशा खानावळी चालवणाऱ्या बायांची संघटना म्हणून मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले. मंडळाची हकिकत बहुधा कर्जवाटपापासून सांगितली जाते. ती पंगतीपासून सांगायला हवी, कारण बँकेने या बायांवर विश्वास टाकला त्याच्या दोन-तीन पिढ्या आधीपासून मेंबर आणि खानावळवाली एकमेकांच्या भरवशावर हा व्यवहार चालवत आले होते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. पुढच्या काही दशकांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची धुराडी दाट झाली आणि या भागाला गिरणगाव हे नाव पडले. कामगार आले ते मुख्यतः रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतून. घरच्या शेतीवर पोट भरत नव्हते आणि ती सोडूनही देववत नव्हती. त्यामुळे बायको, मुले, आईबाप गावी आणि कर्ता पुरुष मुंबईत, अशी हजारो घरे दोन ठिकाणी विभागली गेली. मुंबईत संसार मांडायला पगार पुरत नसे आणि जागा तर त्याहूनही दुर्मीळ. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळींच्या २०७ इमारती बांधल्या. त्यांतली एकेक खोली १६० चौरस फुटांची. अशा एका खोलीत एकाच गावची दहा-पंधरा माणसे राहत, पाळीपाळीने झोपत, दोरीवर कपडे आणि भिंतीकडेला ट्रंक एवढीच प्रत्येकाची जागा. तिथे चूल मांडायला ना कोपरा, ना वेळ. गावी ज्यांनी कधी भाकरी थापली नव्हती अशा पुरुषांना दिवसभर मागाजवळ उभे राहिल्यावर ती थापणे शक्यही नव्हते.

नव्या माणसाला गिरणीत चिकटवणारा बहुधा गावचा कुणी ओळखीचा असे आणि त्याला खानावळीत नेणाराही तोच. गावकीच्या खोलीत ट्रंक ठेवायची आणि खानावळीत नाव घालायचे, या दोन गोष्टी झाल्या की माणूस मुंबईत रुजला असे धरत. आगाऊ रक्कम मागितली जात नसे. ‘हा आपला माणूस, पगार झाला की देईल’ हा जुन्या मेंबराचा शब्द पुरे होई. नोकरी बदलीची असली, म्हणजे रोज गिरणीच्या दारात उभे राहून काम मिळेल की नाही याची वाट पाहायची असली, तरी ताट मिळे. बदली कामगाराच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांत खानावळ हाच त्याचा आधार असे.

जेवण कोणत्या मुलखाचे, हे खानावळवाली कुठली यावर ठरे. कोकणातल्या बाईकडे भात, तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचे किंवा सुकटीचे कालवण, वाटाण्याची नाहीतर चवळीची उसळ. घाटावरच्या बाईकडे ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, आमटी, लसणाची चटणी आणि जिभेला चटका देणारे कोरड्यास. मेंबर आपल्या मुलखाची खानावळ शोधत, ती केवळ नाते-ओळखीपोटी नव्हे. कालवणात खोबरे किती आणि तिखट कोणते, यावर त्यांच्या दिवसाचा बरावाईटपणा ठरत असे. रविवारी मटण किंवा ताजी मासळी. त्या दिवशी गिरणीला सुट्टी, त्यामुळे सगळे मेंबर एकाच वेळी येत आणि पंगत खोलीतून गॅलरीत जाई. श्रावणात सामिष बंद, एकादशीला आणि सोमवारी उपासाचे वेगळे, हे सांगावे लागत नसे.

पंगत जमिनीवर बसे. भिंतीला पाठ लावून सात-आठ जण, पुढ्यात जर्मनची (अ‍ॅल्युमिनियमची) ताटे, मधे पाण्याचा तांब्या. गिरणीतून आलेल्यांच्या केसांत आणि भुवयांत कापसाची पिंजण अडकलेली असे. हातपाय धुऊन आत यायचे हा नियम. पहिली पंगत उठली की दुसरी. पहिली पाळी सकाळी सातला सुरू होई, दुसरी दुपारी साडेतीनच्या सुमारास आणि तिसरी मध्यरात्री. त्यामुळे खानावळीला जेवणाची ठराविक वेळ अशी नसे. पहाटे डबा घेऊन जाणारे वेगळे, दुपारी जेवून कामावर जाणारे वेगळे, मध्यरात्री सुटून आल्यावर झाकून ठेवलेले ताट उघडणारे वेगळे. काही खानावळींतून गिरणीच्या दारापर्यंत डबे पोचवले जात. ते काम बहुधा घरातली मुले करत. उशिरा येणाऱ्याचे ताट झाकून ठेवणे हा या संस्थेतला सर्वांत महत्त्वाचा नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता.

भाकऱ्या मोजून वाढत नसत. कोण किती खातो हे बाईला पाठ असे आणि एखाद्याने रोजच्यापेक्षा कमी खाल्ले तर चौकशी होई. ताप आला तर पेज किंवा मऊ भात खोलीवर जाई. मेंबर तिला मावशी, काकी, वहिनी किंवा आक्का म्हणत. वयाने ती लहान असली तरी एकेरी हाक क्वचितच मारत. तिच्यासमोर दारू पिऊन बसता येत नसे. पगाराचे पैसे उडवणाऱ्याला सुनावण्याचा तिचा हक्क सगळ्यांना मान्य होता. गावी बायको-आई जे बोलली असती ते इथे ती बोलत असे, आणि पुष्कळदा घरी पाठवायची मनीऑर्डर गेली की नाही याची आठवणही तीच करून देई.

हिशेब वहीत. महिन्याचा दर ठरलेला आणि गैरहजेरीचे ‘खाडे’ वजा. एखाद्या वेळी बाहेर जेवले तर खाडा धरत नसत. सलग काही दिवस गावी गेले तरच तो कापला जाई, आणि आधी सांगून जाणे जरुरीचे. मेंबराकडे पाहुणा आला तर त्याचे ताट वेगळे मांडले जाई. खाड्यांवरून कुरबुरी होत, पण वही एकच असे आणि ती बाईकडे असे. ती स्वतः निरक्षर असली तर मुलगा किंवा एखादा शिकलेला मेंबर लिही. म्हणजे ज्याच्याकडून पैसे यायचे त्याच्याच हाताने ते मांडले जात. व्यापाराच्या कोणत्याही पुस्तकात न बसणारी ही पद्धत टिकली, याचे कारण दोन्ही बाजूंना दुसरा पर्याय नव्हता एवढेच नाही. मेंबर आणि बाई एकाच चाळीत, एकाच गावकीत राहत होते. बुडवणाऱ्याला तोंड लपवायला जागा नव्हती.

शिमगा, मे महिना आणि गणपती या दिवसांत पंगती निम्म्याने ओस पडत. कोकणातला कामगार रजा मिळो न मिळो, गावी जाईच. बाईचे भाडे, रॉकेल, कोळसा मात्र चालूच. परतताना मेंबर तांदूळ, कुळीथ, आमसुले, घाटावरच्या शेंगा आणि काकवी असे काही आणत. तेही खानावळीच्या डब्यांत जाई.

या आपलेपणाला सीमा होती आणि ती जातीची होती. खानावळी मुलखाप्रमाणे तशा जातीप्रमाणेही विभागलेल्या होत्या. गिरणीत दलित कामगारांना अधिक मजुरीच्या विणखात्यात घेत नसत, कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि स्पृश्य कामगार त्याला विटाळ मानत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. मागावर जो भेद होता तोच पंगतीत होता. दलित कामगारांच्या खानावळी त्यांच्या वस्त्यांत, त्यांच्याच बायांनी चालवल्या. जुन्या खानावळीच्या आठवणी सांगताना ही बाजू गाळली जाते, आणि ती गाळल्याने त्या आठवणी अपुऱ्या राहतात.

मेंबराला दिसे ते वाढलेले ताट. त्यामागचा बाईचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होई, कारण नळाला पाणी ठराविक वेळीच येई. ते भरणे, दळण, पीठ मळणे, दीडशे-दोनशे भाकऱ्या किंवा चपात्या, तीन पाळ्यांची ताटे, भांडी, पुन्हा रात्रीचे. रात्रपाळीचा शेवटचा मेंबर जेवून गेल्यावर तिचे जेवण होई. खोली तीच; त्याच खोलीत तिची मुले अभ्यास करत, नवरा झोपे, बाळंतपणही तिथेच. खानावळ काढण्यामागे बहुधा अडचण असे. नवरा आजारी पडला, गिरणीतून कमी झाला, व्यसनी निघाला किंवा वारला की हातात असलेले एकमेव कसब म्हणजे स्वयंपाक. परित्यक्ता आणि विधवा बायांची संख्या या धंद्यात मोठी होती. कायद्याच्या दृष्टीने ती कामगार नव्हती, कारण मालक नव्हता. आणि व्यावसायिकही नव्हती, कारण दुकान नव्हते. पंधरा-वीस माणसांना रोज जेवू घालणारी ही बाई सरकारदरबारी ‘गृहिणी’ या रकान्यात होती.

पैशाचा खरा ताण तिच्यावर पडे. मेंबर पगाराला पैसे देणार, पण पीठ, तांदूळ, तेल, मासळी रोज लागणार. ती किराणा दुकानातून उधारीवर माल उचली. उधारीचा माल महाग आणि हलका. भाव विचारायची सोय नसे, कारण मागची बाकी असे. महिनाअखेरीस दागिने गहाण पडत, सावकाराचे व्याज चढे. मेंबरांची उधारी ती बिनव्याजी देत होती आणि स्वतःची उधारी जबर व्याजाने फेडत होती. गिरणगावाच्या अर्थव्यवस्थेतला हा सर्वांत मोठा अन्याय होता असे म्हटले तर वावगे होणार नाही. कमी पगारावर कामगार तगून राहत होता, त्यातला एक वाटा या बायांच्या खिशातून जात होता आणि गिरणीमालकाच्या हिशेबात तो कुठेच दिसत नव्हता.

हे सर्वांत स्पष्ट दिसे ते संपात. १९२८ मध्ये गिरणी कामगारांचा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने चालला. पगार बंद, पण पोट चालू. ज्यांना गावी जाता आले ते गेले. जे मुंबईत राहिले त्यांचे जेवण खानावळींनी चालवले. दुकानदाराने हात आखडता घेतला की भाकरीबरोबर नुसती चटणी, दोन वेळांऐवजी एक वेळ, पण मेंबराला दारातून परत पाठवायचे नाही. संप यशस्वी होवो की मोडो, थकलेली बाकी पुढे वर्षभर हप्त्याने फिटे, काही बुडे. नेत्यांची भाषणे, मोर्चे, गोळीबार यांची नोंद चळवळीच्या इतिहासात आहे. ताटांची नोंद फारशी कुणी ठेवली नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींवरून लिहिलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कुठे या परिसरातल्या बायांच्या अनुभवांना ग्रंथात जागा मिळाली.

अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करणाऱ्या प्रेमा पुरव यांचे काम इथून सुरू होते. गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या प्रेमाताई पुढे मुंबईत डाव्या कामगार चळवळीत आल्या आणि गिरणी कामगारांच्या संघटनेत काम करू लागल्या. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले नेते होते. १९७२ नंतरची दुष्काळाची आणि महागाईची वर्षे गिरणगावाला फार जड गेली. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळत होती, रॉकेलसाठी रांगा लागत होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्या पुढाकाराने मुंबईत महागाईविरोधी महिलांचे मोर्चे निघत होते आणि लाटणे हे त्या मोर्चांचे निशाण झाले होते. १९७३-७४ च्या गिरणी संपात खानावळवाल्यांनी पुन्हा एकदा उधारीवर कामगार जगवले. संप संपल्यावर कामगारांना कामगार म्हणून काही तरी मिळाले. बायांच्या वाट्याला दुकानदाराची बाकी आली. ज्या बाया कामगाराला पोसतात त्या स्वतःच कामगार आहेत, असे प्रेमाताईंनी मांडले आणि त्यांची संघटना बांधायला घेतली. आज हे उघड वाटते, पण त्या काळच्या कामगार चळवळीत ते कुणी म्हणत नव्हते.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना झाली. सुरुवात १४ खानावळवाल्यांपासून झाली. मागणी अगदी साधी होती: सावकार आणि उधारीचे दुकान यांतून सुटण्यापुरते भांडवल. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि १९७२ पासून दुर्बल घटकांना ४ टक्के दराने कर्ज देण्याची योजना अस्तित्वात होती. योजना कागदावर होती, पण खानावळवाली बँकेत जाणार कशी? तिच्याकडे तारण नव्हते, खोली भाड्याची किंवा नवऱ्याच्या नावाची, सही येत नाही, धंद्याचा परवाना नाही. मंडळाने यावर काढलेला उपाय चाळीतल्या व्यवहारातूनच आला होता. शेजारच्या बायांचे गट करायचे, गटाने एकमेकींची हमी घ्यायची, एकीचा हप्ता थकला तर बाकीच्यांनी तिला आठवण द्यायची आणि वेळ पडली तर भरायचा. मेंबरांच्या बाबतीत जुना मेंबर नव्याची हमी घेत होता. इथे तेच तत्त्व कर्जाला लागू झाले.

राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज हाती आल्यावर पहिला बदल झाला तो मालाच्या खरेदीत. रोख पैसे असल्याने बाई पसंत पडेल त्या दुकानातून, घाऊक भावाने धान्य घेऊ लागली. दुसरा बदल मेंबरांना ताटात दिसला: तांदूळ बरा, तेल बरे, महिनाअखेरीची पातळ आमटी कमी झाली. आणखी एक बदल मोजता येण्याजोगा नव्हता, पण बायांच्या दृष्टीने तोच मोठा होता. कर्जाच्या कागदावर बाईचे स्वतःचे नाव आले, अंगठ्याच्या जागी सही आली. हप्ते वेळेवर फिटत गेले आणि १४ जणींचे मंडळ काही वर्षांत हजारोंचे झाले.

या काळात इतरत्रही असे प्रयत्न होत होते. अहमदाबादेत इला भट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ आणि १९७४ मध्ये तिची सहकारी बँक उभी केली. मद्रासला जया अरुणाचलम यांनी १९७८ मध्ये वर्किंग विमेन्स फोरम काढला. बांगलादेशात मुहम्मद युनुस यांचा जोब्रा गावातला प्रयोग १९७६ चा. बचत गट हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचण्यापूर्वी लालबाग-परळच्या चाळींत गटहमीचे कर्ज चालू झाले होते, ही गोष्ट मराठी वाचकांना पुरेशी माहीत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. खानावळींनी याही वेळी उधारी चालवली. पण हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. महिने गेले, वर्ष गेले, मेंबर गावी निघून गेले ते परतले नाहीत. अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. वह्यांतली बाकी वहीतच राहिली. काही मेंबरांनी गावाहून वर्षांनी पैसे पाठवले, काहींना ते कधीच जमले नाही. बायांनी त्यांना दोष दिला नाही, कारण मेंबराच्या घरी काय चालले आहे हे त्यांना ठाऊक होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकासाला खुल्या झाल्या आणि धुराड्यांच्या जागी मॉल व कार्यालये आली. पंधरा-वीस मेंबरांच्या पंगतीचा काळ इथे संपला.

मंडळाने स्वतःला बदलले. मेंबर येत नाहीत तर जेवण बाहेर न्यायचे ठरले. कार्यालयांना डबे, लग्न-मुंजींचे स्वयंपाक, पुरणपोळ्या आणि सणाचे पदार्थ यांची कामे घेतली. दादरला मंडळाचे केंद्र उभे राहिले. नवी मुंबईत वाशीला नोकरी करणाऱ्या महिलांसाठी वसतिगृह झाले. एके काळी या संस्थेकडे जेवणारे सगळे पुरुष होते. आता गाव सोडून नोकरीला आलेल्या मुली तिथे राहू-जेवू लागल्या. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची कन्या डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून १९९३ मध्ये पुण्यात वस्त्यांमधल्या महिलांसाठी असेच काम सुरू केले, ते अन्नपूर्णा परिवार या नावाने वाढले.

महाराष्ट्रात खानावळीची दुसरी एक परंपरा पुण्याची आहे. तिथे जेवणारे विद्यार्थी आणि कारकून. गरीब मुलगा आठवड्याचे सात दिवस सात घरी वार लावून जेवे; ज्याला थोडे पैसे देणे शक्य होते तो खानावळीत नाव घाली. टिळक रस्त्यावरचे बादशाही बोर्डिंग १९३३ चे. मूकपटांचे लेखक-दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस काढले, तेव्हा नाटक-सिनेमाच्या मंडळींना हक्काचे ताट मिळाले. मुंबईत उडुपी मंडळींनी माटुंग्याला बोर्डिंगे चालवली, ए. रामा नायक यांचे १९४२ चे. या ठिकाणांची नावे टिकली, कारण त्यांना पाटी होती. गिरणगावातल्या खोल्यांतल्या खानावळींची नावे त्या बायांबरोबर गेली.

लहान गावात खानावळीचे रूप वेगळे. उदाहरणार्थ, बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे धाड हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यालगतचे गाव. १९४७ पर्यंत इंग्रजी अंमलाखालचे वऱ्हाड आणि निजामाचा मराठवाडा यांची हद्द याच भागातून जात होती. अशा गावी महिन्याचा मेंबर मिळणे अवघड. बदलून आलेला शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतला कारकून, मुक्कामी गाडीचा चालक-वाहक, एवढेच. बाकीचे गिऱ्हाईक वाटेवरचे आणि बाजारच्या दिवसाचे. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर एस.टी. धावली आणि पुढे ती तालुक्या-तालुक्यांत पोचली, तशी स्टँडजवळ चहा-भज्यांची हॉटेले उभी राहिली. बाजाराला आलेला शेतकरी ज्वारीची भाकरी आणि ठेचा घरून बांधून आणतो. हॉटेलात बसून वाटीभर तर्री किंवा भज्यांची प्लेट घेतो आणि आपली शिदोरी सोडतो. मालक त्याला हटकत नाही, पाण्याचा जग पुढे ठेवतो. खरिपाच्या पेरणीपासून कापूस-सोयाबीन घरी येईपर्यंत इथेही वही चालते. गिरणगावात पगाराची वाट पाहिली जाई, इथे सुगीची.

मेंबरपणाची रीत मात्र इथल्या मुलांपर्यंत पोचली आहे. धाड आणि आसपासच्या खेड्यांतून बुलढाणा, चिखली किंवा संभाजीनगरला शिकायला आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीला जाणारी मुले खोली करून राहतात आणि मेस लावतात. ती मेस बहुतेक वेळा एखाद्या घरातच असते, चालवणारी बाई असते, तिला काकू किंवा मावशी म्हणतात आणि महिनाअखेरीला खाडे किती धरायचे यावर बोलणे होते.

सरकारनेही दोनदा स्वस्त जेवणाची सोय केली. १९९५ मध्ये आलेल्या शिवसेना-भाजप युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर केंद्रे काढली. ती काही वर्षांत बंद पडली. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन योजना सुरू झाली: दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक मूद भात आणि एक वाटी वरण, दहा रुपयांत. पुढच्याच काही महिन्यांत कोरोनाची टाळेबंदी आली आणि अडकलेल्या मजुरांना या थाळीचा मोठा आधार झाला. अशी थाळी भुकेच्या वेळी अमोल आहे. तिच्यात उशिरा येणाऱ्याचे ताट झाकून ठेवण्याची सोय नाही, ती सरकारी योजनेत असूही शकत नाही. ते काम ओळखीच्या माणसांचेच.

खानावळीच्या जुन्या वह्या, खाड्यांचे हिशेब, गावकीच्या खोल्यांची कागदपत्रे आणि मेंबरांची पत्रे ज्या घरांत अजून आहेत त्यांनी ती रद्दीत देऊ नयेत. ज्या घरात खानावळ होती तिथल्या मुला-नातवंडांनी ती चालवणाऱ्या बाईचे नाव, तिचे गाव, चाळीचा क्रमांक आणि तिच्याकडे जेवणाऱ्यांची जमतील तेवढी नावे लिहून ठेवावीत, आणि हे काम त्या पिढीतली माणसे हयात आहेत तोवर करावे.